उंबरदांडची रेषा

३ मार्च २०२५, जव्हार
आजपासून रोजनिशी. डायरी विमा एजंटने दिलेली, जानेवारीपासूनची. पहिले दोन महिने कोरे आहेत, ते कोरेच ठेवणार. मागच्या तारखा टाकून लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही. भूवैज्ञानिकाने नोंद त्याच दिवशी आणि त्याच जागी उभं राहून करावी.

संकल्प: रोज लिहिणे. सकाळी गुडघ्याचे व्यायाम, प्रत्येकी वीस. चहात साखर नाही.

आनंदाची बातमी. २७ एप्रिलला जव्हारमध्ये नव्या भूवैज्ञानिकांसाठी कार्यशाळा आहे. विषय 'भूवैज्ञानिकाची व्यावसायिक नीतिमत्ता', वक्ता मी. आयोजक म्हणाले, निफाडकर सर, या विषयावर तुमच्याशिवाय दुसरं नावच सुचलं नाही. मी म्हटलं, छे छे. मग तारीख डायरीत लाल पेनने लिहिली.

हातातलं काम संपत आलंय. मोखाडा तालुक्यातल्या अकरा पाड्यांना बोअरच्या जागा दाखवायच्या होत्या. एका पाड्याला एकच बोअर मंजूर. कोरडी गेली तर पाड्याच्या नावापुढे 'भूजल उपलब्ध नाही' असा शेरा पडतो आणि पाडा यादीतून बाद. म्हणून जागा फार जपून द्यावी लागते. दहा झाल्या. राहिला उंबरदांड, सूर्यमाळच्याही पुढे. जीप अर्ध्यावर थांबते, पुढे तासभर चढ. परवा जाणार.

४ मार्च
व्यायाम केले. प्रत्येकी वीस म्हणजे एकूण वीस असं धरलं. गुडघा दुखतोय. व्यायाम बंद.

५ मार्च, दुपारी ३
उंबरदांडला निघालो. धनेश ड्रायव्हर वेळेवर आला, मीही वेळेवर होतो, गुडघा मात्र आला नाही. खोडाळ्याला चहा घेतला. धनेश म्हणाला, साहेब, वर चढ हाय, ऊन हाय. म्हणजे न जाण्याची सूचना मूळची धनेशची. हे इथे नोंदवून ठेवतो.

चहाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. उपग्रहाचा फोटो पाहिला आणि चहा विसरलो. डोंगराच्या दांडावर एक स्वच्छ, सरळ, फिकट रेषा. वस्तीच्या मधोमध सुरू होते आणि खाली दरीत एका हिरव्या ठिपक्यापाशी संपते. लांबी मोजली, ६४० मीटर. खडकातली भेग. इतकी सरळ रेषा निसर्गाशिवाय कोण काढणार? आणि खालच्या टोकाला हिरवळ, म्हणजे भेगेतून पाणी झिरपतंय. पुस्तकात छापावं असं उदाहरण. नशीब असं की भेगेचं वरचं टोक नेमकं लोकांच्या दारात आहे. बाईमाणसाला उंबऱ्यातून हातपंप दिसेल.

पायी गेलो असतो तर ही रेषा मला दिसलीच नसती. जवळून काही गोष्टी दिसत नाहीत. म्हणजे न जाणं हाच शास्त्रीय निर्णय ठरला.

कमलेशला फोन केला. हा तिथला पंचायत सदस्य, चाळिशीतला, समजूतदार माणूस. त्याला म्हटलं, अमुक जागी उभा राहा, जमिनीकडे बोट दाखव, तारीख आणि जीपीएस येईल असा फोटो पाठव. वीस मिनिटांत आला. रेषेचं सांगितलं तर म्हणाला, "साहेब, ती रेघ म्हंजे तिथं तं..." आणि नेटवर्क गेलं. डोंगरात नेटवर्क ही मोठीच अडचण आहे. मी परत लावला नाही, कारण परत गेलंच असतं.

५ मार्च, संध्याकाळी ६
रिपोर्ट ऑनलाइन भरला. फॉर्ममध्ये 'प्रत्यक्ष स्थळपाहणी केली' या चौकोनात टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तीनदा करून पाहिलं. शेवटी टिक झाली. मी केली म्हणण्यापेक्षा फॉर्मने माझ्याकडून करून घेतली. फॉर्म बनवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

कमलेशचा फोटो जोडला. फोटोच्या कडेला कोणाची तरी सावली पडली आहे, डोक्यावर काहीतरी गोल. माझ्याकडे गोल हॅट आहे. सावली कोणाची ते फॉर्म विचारत नाही.

६ मार्च
छातीत जळजळ. खोडाळ्याची भजी. गोळी घेतली.

९ मार्च
भाषणाची तयारी. विचारांती मध्यवर्ती सूत्र सापडलं: 'पाय आधी, पेन नंतर.' म्हणजे जागेवर पाय ठेवल्याशिवाय सही नाही. चार शब्दांत सगळी नीतिमत्ता. आयोजकांना पाठवलं. त्यांनी बॅनरवर घेऊ म्हणून कळवलं.

नाशिकला जयश्रीला फोन करून ऐकवलं. बायको या नात्याने तिने कौतुक करायला हरकत नव्हती. ती म्हणाली, छान आहे, आणि मग म्हणाली, तुमचा तो शेवटचा पाडा झाला का हो? मी म्हटलं, झाला. झालाच आहे. रिपोर्ट गेलाय. जळजळ परत सुरू. गोळी.

१५ मार्च
शिमगा झाला. कमलेशचा फोन. भिवंडीच्या वीटभट्टीवर गेलेली माणसं सणाला घरी आली होती, ती परत जायची थांबलीत. का, तर बोअरची गाडी वर चढायला रस्ता नाही. साहेबानं जागा दाखवली, आता गाडी आली पाहिजे, म्हणून सगळा पाडा मिळून रस्ता काढतोय. बाया दगड उचलतात, पुरुष पहारीने कातळ फोडतात. कामावरचा खाडा झाला तरी चालेल म्हणाले.

मी म्हटलं, अरे, घाई काय आहे. तो म्हणाला, साहेब, पावसाच्या आत पाणी लागलं तर बरं.

ठरवलं. उद्या वर जाऊन जागेची खात्री करणार. खात्रीच आहे, पण खात्रीची खात्री.

१६ मार्च
रविवार. गेलो नाही.

१८ मार्च
गेलो. खोडाळ्यापर्यंत. तिथे बाजार भरलेला. धनेशने जीप चढाच्या पायथ्याशी नेली तेव्हा वर माणसं काम करताना दिसली. मुंग्यांएवढी. त्यांच्यासमोर जाऊन मी दगड तपासू लागलो तर त्यांना वाटेल, साहेबाला शंका आहे. काम करणाऱ्यांचा धीर खचवणं बरोबर नाही. परतलो.

धनेशने वाटेत गाणी लावली. तो नेहमी बोलतो.

२२ मार्च
उंबरदांडच्या राहीबाईंनी धनेशबरोबर नागलीचे पापड पाठवले. राही ही कमलेशची चुलती, पाड्यात तिच्या शब्दाला मान आहे. निरोप असा की साहेबाच्या पायगुणानं गाडी येते, गोड मानून घ्या.

पायगुण.

पापड मोठ्या पिशवीत आहेत. खोलीत ठेवायला जागा नाही. खिडकीत ठेवले तर रस्त्यावरून दिसतात. कपाटात ठेवले.

२९ मार्च
पापड धनेशला देऊ केले. म्हणाला, साहेब, तुमाला पाठवलेत, मी कसं घेऊ? लॉजच्या मालकाला देऊ केले, त्याच्या घरी नागलीच नागली. भाजून खाल्ले नाहीत. कपाट उघडलं की वास येतो. वास चांगला आहे, हीच अडचण.

१ एप्रिल
रस्ता झाला. उद्या गाडी चढणार. कमलेश म्हणाला, नारळ तुमच्या हातानं फोडायचा, सगळ्यांचा आग्रह आहे. मी त्याला समजावलं की अशा प्रसंगी मानाची जागा गावकऱ्यांची असते, अधिकाऱ्याने मागे राहावं. त्याला ते फार पटलं. साहेब लई साधे हायती, म्हणाला.

२ एप्रिल, सकाळी ११
मोबाइल टेबलावर ठेवून बसलोय. बोअर सुरू झाली असेल. वरचा मुरूम वीस-पंचवीस फूट, मग कातळ, शंभर फुटांच्या आसपास भेग, मग पाणी. हवेच्या जोराने पाणी उसळतं तेव्हा पोरं भिजायला धावतात. दर वेळी धावतात. पाहायला मजा येते.

२ एप्रिल, दुपारी ४
दीडशे फूट. धूळ.

२ एप्रिल, संध्याकाळी ६
तीनशे फूट. धूळ. गाडीवाल्याने पाइप काढले.

कमलेशचा आवाज अगदी साधा होता. म्हणाला, "पानी नाय लागलं, साहेब. राखेवानी नुसती धूळ. पोरं हंडे घेऊन उभी होती, पांढरी झाली." मग त्याने मला विचारलं, साहेब, तुमची तब्येत कशी आहे, धनेश म्हणत होता गुडघा दुखतो.

३ एप्रिल
कारणमीमांसा. एक, बोअरवाल्याने जागेपासून दोन फूट बाजूला खणलं असणार. दोन, भेग तिरकी जात असणार. तीन, यंदा भूजल पातळीच खाली. चार, कातळाचा भरवसा कोणी द्यावा. निसर्ग आहे.

बोअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, फोटोतल्या खुणेवर नेमकं खणलंय, ते पंचायत सदस्य बोट दाखवून उभे होते ना, तिथेच.

ऑफिसला 'कोरडी' असा अहवाल पाठवावा लागला. पुष्पा मॅडम या योजनेचं काम बघतात, तरुण आहेत, कागदाला पक्क्या. त्यांनी लगेच शेरा टाकला: 'उंबरदांड: भूजल उपलब्ध नाही.' मी म्हटलं, मॅडम, इतक्या लगेच? त्या म्हणाल्या, सर, जागा तुम्ही स्वतः पाहून दिली होती, मग शंकेला जागाच कुठे आहे.

दोन गोळ्या.

१२ एप्रिल
आठ दिवस लिहिलं नाही. कामात होतो. काम म्हणजे भाषणाची स्लाइड पस्तिसावी. 'आपल्या चुकीची किंमत दुसरा मोजतो' असं वाक्य सुचलं. टाकलं. परत काढलं. फाँट चांगला दिसत नव्हता.

२७ एप्रिल, जव्हार
भाषण झालं. माझ्या आयुष्यातलं उत्तम भाषण. मागे बॅनरवर हातभर अक्षरांत 'पाय आधी, पेन नंतर', खाली माझं नाव. चाळीस मुलंमुली, सगळी लिहून घेत होती. टाळ्या दोनदा पडल्या, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. पुष्पा मॅडमही आल्या होत्या.

प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. फागी नाव सांगितलं, जामसरची, आत्ताच एम.एस्सी. झालेली. तिने विचारलं, "सर, न गेलेल्या जागेवर चुकून सही होऊनच गेली, तर काय करायचं?"

मी म्हटलं, चोवीस तासांच्या आत लेखी कळवायचं. कितीही कमीपणा वाटला तरी. त्यात तडजोड नाही.

तिने वहीत लिहून घेतलं. चोवीस तासांच्या खाली दोन रेघा मारल्या. मला स्टेजवरून दिसत होतं.

खोलीवर येऊन हिशोब केला. त्रेपन्न दिवस झाले आहेत.

३० एप्रिल
जयश्रीने भाषणाचा व्हिडिओ पाहिला. म्हणाली, छान बोललात. मग म्हणाली, त्या मुलीला उत्तर देताना तुम्ही पाणी का प्यायलात? तीन वेळा प्यायलात.

घसा कोरडा पडला होता, म्हणालो. ती म्हणाली, हो का. तिच्या 'हो का'ला तीस वर्षांत मला एकही उत्तर सापडलेलं नाही.

ठरवलं. चढणार.

६ मे, संध्याकाळी
चढलो.

सगळं लिहून ठेवतो. पहाटे धनेशने पायथ्याशी सोडलं. त्यांनी काढलेल्या रस्त्याने वर गेलो. प्रत्येक वळणावर दगड नीट रचून कठडा केलेला. एका ठिकाणी कोणीतरी चुन्याने बाण काढलाय, 'बोअर' असं लिहून. गाडीवाल्याला चुकू नये म्हणून. दहा वेळा बसलो. गुडघ्यापेक्षा तो बाण जास्त दुखला.

वस्तीत पोचलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. राहीबाईंनी काहीही न विचारता तांब्या दिला. प्यायलो. दुसरा मागितला, तोही प्यायलो. मग पाहिलं की हंड्यात तळाला थोडंच पाणी उरलं होतं, आणि तिने तो हंडा उचलून सुनेकडे दिला, आणि सून खाली निघाली. माझ्यामुळे आजची एक खेप वाढली.

बोअर पाहिली. तोंडावर दगड ठेवलाय, पोर पडू नये म्हणून. तिथून खाली पाहिलं आणि माझी रेषा दिसली. अगदी तशीच. फिकट, सरळ, दांडावरून खाली. त्या रेषेवरून सून हंडा घेऊन चालली होती. तिच्या पुढे आणखी दोघी. समोरून एक जण भरलेला हंडा घेऊन वर येत होती.

 मग विचारलं, ही काय आहे? मला माहीत होतं काय आहे, तरी विचारलं.

राहीबाई म्हणाली, "ही आमची पान्याची वाट, साहेब. माज्या सासूच्या आदीपासून. पाय पडून पडून माती गेली, कातळ उघडा झाला."

म्हणून उपग्रहाला दिसली. सरळ का, तर डोक्यावर हंडा असला की वळणं कोणी घेत नाही. खालचा हिरवा ठिपका म्हणजे त्यांचा झरा. वस्तीच्या मधोमध का सुरू होते, तर सगळ्या तिथूनच निघतात. भेग बिग काही नाही. मी त्यांना त्यांच्याच पायवाटेच्या टोकावर तीनशे फूट खणायला लावलं.

कमलेश म्हणाला, त्या दिवशी फोनवर तेच सांगत होतो साहेब, नेटवर्क गेलं. मग म्हणाला, पण तुमी साहेब, म्हटलं वाटेखाली भेग असेल, आमाला काय कळतंय.

त्याला रागवायला हवं होतं. त्याने मला हे सांगायला हवं होतं. मी परत फोन लावला असता तर त्याने सांगितलंच असतं.

दुपारभर डोंगर पाहिला. खरा पाहिला, हातोडी घेऊन. वस्तीच्या मागे, उंबराच्या जुन्या झाडाखाली, राहीबाईंनी जागा दाखवली: इथली माती शिमग्यापर्यंत ओली राहते. कातळाखाली सच्छिद्र थर उघडा पडलेला, पाणी धरणारा. बोअरची जागा इथे होती. पाच मार्चला आलो असतो तर पाच मार्चला दिसली असती.

फोटोमधली सावली विचारली. राहीबाई हसली. ती तिची होती, खेप घेऊन चालली होती, डोक्यावर हंडा.

माझा मोबाइल चढातच बंद पडला होता. चार्ज करायला विसरलो होतो. एकही फोटो नाही.

८ मे, सकाळी
ऑफिसात गेलो. पुष्पा मॅडमच्या खुर्चीमागे माझं बॅनर लावलंय. 'पाय आधी, पेन नंतर', खाली माझं नाव. बॅनरखाली उभं राहून सांगितलं: मी पाच मार्चला उंबरदांडला गेलो नव्हतो. शेरा काढा, परवा जाऊन पाहिलेली नवी जागा देतो.

त्यांनी फाइल उघडली. म्हणाल्या, सर, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही गेला होता. टिक आहे. जीपीएसचा फोटो आहे. म्हटलं, फोटोत मी नाही. त्या म्हणाल्या, "सावली तुमची आहे ना? हॅटसकट आहे."

मी म्हटलं, ती हॅट नाही, हंडा आहे. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, परवा तुम्ही गेला होता त्याचा पुरावा? नाही. म्हणजे गेलो नव्हतो त्याचा पुरावा आहे आणि गेलो होतो त्याचा नाही, की उलट, याचा आमच्या दोघांचाही गोंधळ झाला.

शेवटी त्यांनी मार्ग सांगितला. ग्रामस्थांचे जबाब आणा, की साहेब त्या दिवशी आले नव्हते. तेवढं आलं तर शेरा काढते. आणि सर, म्हणाल्या, त्यानंतर योजनेच्या तज्ज्ञांच्या पॅनेलवरून तुमचं नाव काढावं लागेल. बाहेरपर्यंत सोडायला आल्या. 

पॅनेलवर पंधरा वर्षं आहे.

१० मे
विचार. पाड्याच्या दृष्टीने पाहता टँकरची सोय झाली तर शेरा राहिला तरी चालेल. टँकर वर चढतो का? नाही. मग विचार बंद केला. कमलेशला फोन करून जबाबाचं सांगितलं. आता गोष्ट माझ्या हातात नाही, हे बरंच झालं.

१६ मे
जबाब आले. पुष्पा मॅडमनी फोनवर वाचून दाखवले. पाड्यातल्या अठरा माणसांनी एकमुखाने सांगितलंय की साहेब आले होते. साहेबांनी डोंगर पाहिला, हातोडीने दगड तपासले, राहीबाईच्या हातचं दोन तांबे पाणी प्यायले.

सगळं खरं आहे. फक्त तारीख कोणीच सांगितली नाही.

कमलेशला विचारलं, हे काय केलंत? म्हणाला, राहीकाकीनं सांगितलं, साहेबाला तरास होईल असं काय बोलायचं नाय. माणूस गुडघा दुखत असून चढून आला.

या लोकांना आपलं हित कळत नाही, असं लिहिणार होतो. लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण तसं म्हणायचं नव्हतं.

रात्री जेवलो नाही. कपाट उघडून पापड पाहिले आणि परत बंद केलं.

२४ मे, उंबरदांड
इथे बसूनच लिहितोय. त्याच दिवशी, त्याच जागी.

मोबाइल रात्रभर चार्ज केला होता. चढलो. राहीबाईंच्या अंगणात सगळे जमले. मी सांगितलं, खरं सांगा, मी आलो नव्हतो.  कमलेश जमिनीकडे पाहत होता.

राहीबाई म्हणाली, खरं सांगितलं तं तुमचं नाव जाईल ना? मी म्हटलं, जाईल. तुमालाबी घर हाय, म्हणाली. मी म्हटलं, हो, आहे.  भाषणात 'नाव गेलं तरी खरं सांगा' या स्लाइडपुढे मी टाळ्यांसाठी थांबलो होतो.

मी म्हटलं, तुम्ही मला वाचवायला खोटं बोलताय, आणि तुमच्या सुना रोज खाली जातात. असं नका करू.  डोळे पुसले. ऊन होतं, पण त्याचा संबंध नाही.

राहीबाई उठली. म्हणाली, "तुमी लिवा पैलं. मंग आमी अंगठा देतो."

पेन माझ्याच खिशात होतं. कमलेशने वहीचं पान फाडून दिलं. लिहिलं: 'मी, सुरेंद्र निफाडकर, ५ मार्च रोजी उंबरदांडला आलो नव्हतो. आलो असं खोटं लिहिलं. बोअर माझ्या चुकीने कोरडी गेली. उंबरदांडला पाणी आहे.' एवढ्याला पाऊण तास लागला. राहीबाई म्हणाली, वाचून दाखवा. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. एक म्हातारा मागे बसला होता, त्याला ऐकू आलं नाही, म्हणून परत वाचलं.

मग अठरा अंगठे. शाईचा पॅड नव्हता, चुलीच्या काजळीने उठवले.

परतताना लगेच जीपच्या रस्त्याला लागलो नाही. त्यांच्या वाटेने झऱ्यापर्यंत उतरलो आणि परत वर चढून आलो. सून म्हणाली, साहेब, हंडा घ्या ना एक. गमतीने म्हणाली. घेतला. अर्धा माझ्या अंगावर आला. बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. वर पोचेपर्यंत तळाला जे उरलं ते राहीबाईंनी शांतपणे दुसऱ्या हंड्यात ओतून घेतलं.

२ जून, जव्हार
निकाल लागला. पॅनेलवरून नाव काढलं. पुष्पा मॅडमनी उंबरदांडचा शेरा खोडून 'नवीन जागा मंजूर' लिहिलं, उंबराच्या झाडाखालची. बॅनर अजून भिंतीवर आहे. माझं नाव पांढऱ्या कागदाने झाकलंय.

बोअरची गाडी मात्र परवाच घाट उतरून गेली. पावसाआधी तिला दुसरीकडे जायचं होतं. आता दिवाळीनंतर नंबर. म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात नाही. मी मार्चमध्ये चढलो असतो तर आत्ता त्यांच्या दारात हातपंप असता. कमलेशला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, चालेल साहेब, वाट हाय ना. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

फागीलाही पत्र टाकलं. चोवीस तास नव्हे, ऐंशी दिवस लागले, असं लिहिलं. उत्तर नाही.

छातीतली जळजळ आहे. गोळी घेतली नाही. भजीची नव्हती ती.

पापड भाजून खाल्ले, पहिल्यांदाच. चांगले आहेत.

नव्या रिपोर्टात एक रकाना होता, 'आधीची जागा चुकण्याचे कारण'. 'तांत्रिक' असं लिहिता येत होतं. 'पाण्याची पायवाट खडकातली भेग समजली' असं लिहिलं. मग वाटेची लांबी भरायची होती. त्या दिवशी उतरताना मोबाइल चालू होता, त्यात पाहिलं. ६४० मीटर.

पाच मार्चच्या रिपोर्टातला तेवढा आकडा बरोबर होता.